हॉस्टेलचं रुखवत

शकूवन्संच्या नाकावर राग असतो, असं नंदाखालमध्ये कुणीही सांगेल. आणि सांगताना हसेल. त्या हसण्याचीच मला चीड येते. भावाने आवाज चढवला तर तो कडक स्वभावाचा, आणि बहिणीने चढवला की तिचं डोकं फिरलं. मी कराडकडची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "शकूच्या तोंडी लागू नको हां." मी लागले. तेव्हापासून आमचं छान जमतं.

नातं सांगते. शकूवन्सं माझ्या नवऱ्याची, प्रल्हादची, चुलतबहीण. त्यांचे सख्खे भाऊ रामनाथदादा, त्यांची बायको जयवंतीवहिनी, आणि त्या दोघांची एकुलती एक मुलगी संजना. आम्ही विरारला फ्लॅटमध्ये राहतो. ते जवळच नंदाखाल गावात, जुनं घर पाडून बांधलेल्या बंगल्यात. मागे केळी आणि नारळाची वाडी आहे. शकूवन्सं भावाच्याच घरी असतात, कारण त्यांचं लग्न झालं नाही.

का झालं नाही तेही सांगते, कारण गावात ती गोष्ट विनोद म्हणून सांगतात. वन्सं विशीत असताना त्यांना बघायला माणसं येत. ओटीवर पाट मांडायचा, त्यावर मान खाली घालून बसायचं. मग कुणी म्हणे, केस सोडून दाखव. कुणी म्हणे, सुईत दोरा ओवून दाखव. एकदा आगाशीकडचा एक मुलगा म्हणाला, "जरा दारापर्यंत चालून दाखवा." शकूवन्संनी मान वर केली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आधी तुमी चाला. मंग मी चालते." ती माणसं पोहे तसेच टाकून उठली. गोष्ट शेजारच्या गावांत, वटार आणि गासपर्यंत, पोचायला वेळ लागला नाही. पुढे बघायला येणारी माणसं कमी होत गेली आणि मग यायचीच थांबली. मला यात हसण्यासारखं काय आहे ते अजून कळलेलं नाही. तो चालला असता तर त्याचे पाय झिजले असते का?

आणि गंमत बघा, याच बाईला गावाने आपापल्या मुलींची रुखवतं मांडायला हक्काने बोलावलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीच्या घरी रुखवत मांडून ठेवायचं, बायकांनी येऊन बघायचं, हळदीकुंकू घ्यायचं, ही इकडची पद्धत. शकूवन्संच्या हाताला त्यात तोड नाही. भांड्यांची उतरंड, साखरेचे दागिने, थर्माकोलची बैलगाडी, लाडवांचे मनोरे, वर रंगीत जिलेटिनचा कागद ताणून बसवलेला. त्यांचा एकच कायदा: रुखवतातली वस्तू कोरी पाहिजे. एका घरी नवरीचा भाऊ मांडलेल्या तांब्यातून पाणी प्यायला. वन्संनी तो तांब्या तिथल्या तिथे उचलून बाहेर काढला. "उष्टा झाला. आता घरात वापरा. रुखवतात नाय चालायचा." नवरीची आई रडकुंडीला आली, पण तांब्या परत आत गेला नाही.

संजनाला वाढवलं ते वन्संनीच. जयवंतीवहिनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला, सकाळी जायच्या ते संध्याकाळी यायच्या. वेणीफणी, डबा, अभ्यास, ताप, सगळं आत्याने बघितलं. त्यामुळे पोरीची जीभही आत्याच्या वळणाची झाली. बारावीनंतर तिला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बागायतीच्या पदवीला प्रवेश मिळाला, तेव्हा रामनाथदादा म्हणाले, "केळी लावायला कॉलेज कशाला? वाडीत ये, मी शिकवतो." संजना म्हणाली, "मग शिकवायचं ना बाबा. एवढ्या वर्षांत एकदा तरी माझ्या हातात कोयता दिलात? मला फक्त चहा घेऊन बोलावलंत वाडीत." दादांनी फी भरली. त्यांना पोरीचं कौतुकही होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

सोमवारपर्यंत हॉस्टेलवर हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला जाणार, असं कॉलेजने स्पष्ट कळवलं होतं. आदल्या आठवड्यात खरेदी झाली. गादी, उशी, चादरी, मच्छरदाणी, बादली, मग, ताट-वाटी-पेला, पाण्याची बाटली, हँगर, कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी. संजना म्हणाली, "काकी, तू बुधवारी ये. आपण दोघी दोन बॅगांत सगळं कोंबू." आणि इथेच तिच्या हातून चूक झाली. दुपारी तिची मैत्रिणींना भेटायची गडबड होती, म्हणून ती आत्याला म्हणाली, "तोपर्यंत तू जरा सामान मांडून ठेव ना."

मांडून ठेव! शकूवन्संना! ज्या बाईने उभा जन्म फक्त एकाच तऱ्हेने सामान मांडलं, तिला!

मी बँकेतून सुटून संध्याकाळी पोचले, तर बंगल्याच्या हॉलमध्ये तीन टेबलं जोडलेली. त्यांवर जयवंतीवहिनींचा शालू अंथरलेला. मधोमध निळी बादली, तिला लाल रिबिनीचं फूल. बादलीवर मग पालथा, मगावर साबणाच्या वड्यांचा मनोरा. हँगर मोराच्या पिसाऱ्यासारखे लावलेले. मेतकूट, चटण्या, लाडू, आणि आमच्याकडची सुकेळी, म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, सगळं बरण्यांत भरून वर जिलेटिनचा कागद. गादीच्या वळकटीला सोनेरी पट्टी. या सगळ्यावर मच्छरदाणीचा मांडव. आणि मागच्या भिंतीवर थर्माकोलची अक्षरं: चि. संजना.

मला हसू आवरेना. पण मागून संजना आली आणि दारातच किंचाळली. "आत्या! हे काय लग्नाचं रुखवत केलंयस?"

"मंग?" शकूवन्सं खुर्चीवर उभ्या राहून मांडवाला टाचणी टोचत होत्या. त्या उतरल्याच नाहीत. "लग्न करून गेली तर सारा गाव बघायला येते. शिकायला गेली तर चोरावानी मागच्या दारानं पाठवायची का? बघू दे की लोकांना. आमची पोरगी कॉलेजात चालली, हे दिसाया नको?"

  खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, या बाईचं चुकतंय कुठे? माझी बहीण इंजिनिअरिंगला गेली तेव्हा आमच्या आळीतलं कुणी दारात आलं नव्हतं, आणि लग्न ठरलं तेव्हा पेढ्यांचे बॉक्स कमी पडले होते.

आजूबाजूच्या बायका आल्या. हळदीकुंकू झालं. शेजारच्या मर्सीबाई चर्चमधून परत जाताना डोकावल्या, बादलीकडे बघून म्हणाल्या, "शकू, बादली कशाला गं नवरीला? घरात नळ नाय का?" त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि संजनाच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. पण सगळ्यांना कुठे समजावणार? एकीने विचारलं, "आता चातुर्मासात कसं? तुळशीनंतर असेल ना लग्न?" दुसरी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मुलगा कुठला गं?" मी म्हटलं, "मुलगा नाही, कॉलेज आहे." तिने डोळे मिचकावले. कुणीतरी फोटो काढले. ते फोटो रात्रीपर्यंत कुठल्या कुठे गेले.

दुसऱ्या दिवशी जयवंतीवहिनींचे भाऊ, हरेशमामा, हजर. हा माणूस बोलतो गोड, पण प्रत्येक घरात एखादी काडी लावून जातो. गासला श्रीपत नावाचे त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, मोठी जमीन, मुलगा महापालिकेत कायम. त्यांनी फोटो बघितला म्हणे. मुलगी लग्नाची आहे आणि घरच्यांनी तयारीही केली आहे, असं समजून त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. हरेशमामांनी त्यांना खरं सांगायला हवं होतं. त्यांनी रविवारची वेळ देऊन टाकली.

"सहज येतायत," मामा रामनाथदादांना म्हणाले. "बघून गेले तर आपलं काय जातंय? आणि जमलंच, तर कॉलेज काय, पुढच्या वर्षीपण असतेच की."

दादांनी मान डोलावली. मी तिथे असते तर मामांना तिथेच सुनावलं असतं. पण मला हे शुक्रवारी संजनाने फोनवर सांगितलं. रडत नव्हती. रागाने तिचा श्वास लागत होता. "काकी, बाबा म्हणतात आठवडाभर थांब. आठवडाभर थांबले तर सीट जाते, हे त्यांना मी तीनदा सांगितलं. म्हणतात, एवढ्या चांगल्या माणसांना नाही कसं म्हणायचं? आणि मला? मला नाही म्हणायला त्यांना काहीच वाटत नाही!"

मी प्रल्हादला म्हटलं, तू बोल तुझ्या भावाशी. तो टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "त्यांच्या घरातला प्रश्न आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?" माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. घर बांधताना कर्जाला सही करायला आपण त्यांच्या घरातले, आणि पोरीचं शिक्षण बुडायची वेळ आली की आपण बाहेरचे! त्या दिवशी मी जेवण वाढलं नाही. त्याने त्याच्या हाताने घेतलं.

शनिवारी मी नंदाखालला गेले. हॉलमध्ये रुखवत तसंच होतं. शकूवन्सं आणि दादांचं भांडण त्याआधीच होऊन गेलं होतं. जयवंतीवहिनींनी भांडी घासता घासता हळू आवाजात सांगितलं. वन्सं दादांना वाट्टेल ते बोलल्या होत्या. शेवटी दादा म्हणाले, "मांडलं कोनी? मी मांडलं का? तू मांडलंस. तुझ्या हौसेपायी गावभर झालं. आता माझ्यावर ओरडते कशाला?"

त्यावर शकूवन्सं भांडण अर्धं टाकून उठून गेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी भांडणातून माघार घेतल्याचं मला आठवत नव्हतं. त्या मागच्या पडवीत केळीची सुकी पानं सोलत बसल्या होत्या, ज्या कामाची त्या दिवसांत काही गरज नव्हती. मी शेजारी बसले.

"वन्सं, सगळं उचलून बॅगेत भरूया. मी गाडी आणते. पहाटे पोरीला घेऊन निघू."

"आनि उद्या मानसं येतील तेवा तोंड कोन देईल? जयवंती?" त्यांनी पान टरकावलं. "चोरून नाय जायाचं. चोरून गेली तर पळून गेली म्हनतील. ह्या गावाला मी ओळखते."

"मग काय करायचं?"

त्यांनी पुढचं पान ओढून घेतलं.

रविवारी चारच्या सुमारास श्रीपतराव आले, सोबत त्यांची बायको आणि हरेशमामा. मुलगा आला नव्हता. त्याला सुट्टी नव्हती म्हणे. म्हणजे पोरीने वर्ष घालवायचं, आणि मुलाला अर्धा दिवस काढायलाही वेळ नव्हता. माणसं वाईट नव्हती, हेही सांगते. श्रीपतराव नम्रपणे बसले, पाणी मागून प्यायले. पण नम्रपणे केलं म्हणून माणसाला बघायला येणं काही वेगळं होत नाही. दादांनी संजनाला बाहेर बोलावलं. ती जीन्समध्ये आली आणि कुणी बस म्हणायच्या आधी बसली.

श्रीपतरावांची बायको टेबलांजवळ गेली. कौतुकाने सगळं बघितलं. जिलेटिनवरून बोट फिरवलं. म्हणाली, "किती छान मांडलंय हो. कोणी केलं?"

"आमच्या शकूने," दादा म्हणाले. स्वर असा की जणू त्यांनीच शिकवलं होतं.

"हे काढू नका आता. असंच ठेवा," त्या बाई म्हणाल्या. "तुळशीनंतर परत मांडायला नको. नुसती बादली तेवढी काढा, ती कशाला?" आणि त्या हसल्या. मामा हसले. दादाही हसले.

 संजना आत्याकडे बघत होती. मी काय करणार होते? मी या घरची चुलतसून.

शकूवन्सं दारातून पुढे आल्या. मला वाटलं ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मच्छरदाणीच्या मांडवाला हात घातला आणि एका झटक्यात तो खाली ओढला. टाचण्या फरशीवर उडाल्या. मग त्यांनी लाडवांच्या बरणीवरचा जिलेटिनचा कागद फाडला, एक लाडू काढला, आणि सगळ्यांच्या समोर चावला. अर्धा खाऊन उरलेला परत बरणीत टाकला.

"शकू!" दादा ओरडले.

"थांब रे," त्या तोंडातला घास न गिळताच म्हणाल्या. "काम करते मी."

त्यांनी पाण्याची कोरी बाटली उघडली, पाहुण्यांसमोरच्या तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं, तोंड लावून दोन घोट घेतले आणि झाकण लावून बाटली परत ठेवली. रिबिनीचं फूल उपटलं. बादली उचलून बाहेरच्या नळावर नेली, भरून आणली, आणि हॉलच्या दारात, पाहुण्यांच्या चपलांशेजारी उभं राहून मगाने पायांवर पाणी ओतून घेतलं. साबणाची वडी फोडून पाय धुतले. फेस उंबऱ्यावरून आत आला. श्रीपतराव पाय वर घेऊन बसले. साबणाच्या हातांनीच वन्संनी गादीची सोनेरी पट्टी ओढायला घेतली, ती सुटेना.

तेव्हा जयवंतीवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. गुरुवारपासून त्या बाईच्या तोंडून भावापुढे एक शब्द निघाला नव्हता. आताही निघाला नाही. त्यांच्या हातात कात्री होती. त्यांनी पट्टी कापली, हँगरचा पिसारा कापला, आणि मग भावाच्या समोरच ताट उचलून त्यात चटणी काढली, बोटाने चाटली. हरेशमामांनी "ताई" म्हटलं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

शकूवन्संनी हॉलच्या मधोमध गादी पसरली आणि ओल्या पायांनी तिच्यावर आडव्या झाल्या. उशीवर डोकं घासलं. तेलाचं डोकं होतं, उशीवर डाग पडला. मग उठून बसल्या आणि श्रीपतरावांच्या बायकोकडे बघून म्हणाल्या:

"बाई, तुमी मोठ्या घरच्या. रुखवताचा कायदा तुमाला ठाऊक हाय. वापरलेली वस्तू रुखवतात चालत नाय. ह्यातलं आता काय कोरं नाय ऱ्हायलं. हे रुखवत नव्हतंच, ही पोरीची हॉस्टेलची खोली हाय. मी मांडायला चुकली. माझ्या चुकीला तुमी हसा, नाय तर शिव्या द्या. पन पोरगी उद्या कॉलेजात जानार."

श्रीपतराव उठले. मला त्या माणसाबद्दल एकच चांगलं सांगायचंय: ते रामनाथदादांकडे वळून म्हणाले, "मुलगी शिकायला चालली आहे, हे आम्हाला सांगितलं नव्हतं कुणी." आणि हरेशमामांकडे असं बघितलं की मामांनी आपली चप्पल शोधायला सुरुवात केली. ती साबणाच्या पाण्यात तरंगत होती.

पाहुणे गेल्यावर जे झालं ते मी सगळं लिहीत नाही. दादांनी तोंडाला येईल ते म्हटलं. माझं नाक कापलं, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, तुला आयुष्यभर पोसलं त्याचं हे फळ. या शेवटच्या वाक्याला मात्र मी उठले. मी म्हटलं, "दादा, तुम्ही पोसलंत? तुमच्या मुलीला कुणी मोठं केलं? तुमच्या आईचं दुखणं कुणी काढलं? हिशेब करायला बसलात तर तुम्ही देणं लागाल." त्यांनी मला बाहेरची म्हणून हाताने उडवून लावलं आणि म्हणाले, "माझी गाडी मिळायची नाय. जायाचं तर जा पायी."

"माझी आहे," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघींनी सामान भरलं. ज्या वस्तू तीन टेबलांवर मावत नव्हत्या, त्या दोन बॅगांत आणि एका गोणीत बसल्या. थर्माकोलची अक्षरं शकूवन्संनी पायाखाली चुरडली. संजनाने मार्करने बादलीवर, मगावर, ताटावर स्वतःचं नाव लिहिलं, इतकं जोर देऊन की मार्करचं टोक आत गेलं. दादा वाडीत जाऊन बसले होते ते आलेच नाहीत.

सोमवारी उजाडायच्या आत निघालो. जयवंतीवहिनी फाटकापर्यंत आल्या, मुलीला जवळ घेतलं, पण गाडीत बसल्या नाहीत. नवरा घरात एकटा, आणि रागावलेला. त्या राहिल्या. मला त्यांचाही राग आला, आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. वाटेत शकूवन्सं मागच्या सीटवर गोणीला हात लावून बसल्या होत्या आणि संजना खिडकीबाहेर बघत होती. महाडच्या पुढे तिला झोप लागली, तेव्हा तिचं डोकं आत्याच्या खांद्यावर गेलं. मी आरशात बघून नजर काढून घेतली.

हॉस्टेल म्हणजे दुमजली साधी इमारत, मागे काजूची झाडं. संजनाची खोली वरच्या मजल्यावर. दोन पलंग, दोन कपाटं, एक खिडकी. दुसरी मुलगी अजून आलेली नव्हती. शकूवन्संनी कपाट आतून पुसलं, कपडे लावले, बरण्या खालच्या कप्प्यात ढकलल्या. दोरी बांधली. मच्छरदाणी लावताना खिळा मिळेना म्हणून हॉस्टेलच्या मावशींशी भांडून दोन खिळे मिळवले. गादीवर चादर अशी ओढली की एक सुरकुती राहिली नाही. उशीवरचा तेलाचा डाग मात्र तसाच होता. संजनाने उशी उलटवली नाही.

"पालकांनी आता निघायचं हां," खालून रेक्टरबाईंचा आवाज आला.

संजनाचा चेहरा तेव्हा मोडला. एवढे दिवस नुसता राग होता, तो गेला आणि मागे लहान पोर उरली. ती आत्याच्या गळ्यात पडणार, तेवढ्यात शकूवन्संनी तिला दोन्ही खांद्यांना धरून मागे सारलं.

"थांब. आधी दार बंद कर. आतून कडी लाव. बघू मला."

"आता?"

"आताच. आमी बाहेर हाव. लाव!"

आम्ही दोघी बाहेर आलो. दार लागलं. आत लोखंडी कडी सरकली, खट्ट आवाज आला. शकूवन्संनी दाराला खांदा लावून जोरात ढकललं. दार हललं नाही. त्यांनी परत ढकललं. मग मुठीने दार बडवलं.

"कोण आहे?" आतून संजना. रडका आवाज, पण चढा.

"मी. उघड."

आत पावलं दारापर्यंत आली. मग संजना म्हणाली, "नाही उघडणार. तूच सांगितलंस ना."

"असंच!" शकूवन्सं दाराला तोंड लावून ओरडल्या. बाजूच्या खोलीतल्या दोन मुली बाहेर येऊन बघायला लागल्या. "असंच म्हनायचं! कोनीपन येऊ दे, तुझा बाप येऊ दे, मामा येऊ दे. तुझ्या मनात नसेल तर नाय उघडायचं. ऐकलं का?"

"ऐकलं!"

"मी चालली आता."

"आत्या, थांब ना. एक मिनिट. उघडते..."

"उघडू नको!" त्यांनी दाराला हात टेकवला होता, पंजा पसरून. तसाच थोडा वेळ ठेवला. मग काढला आणि जिन्याकडे वळल्या. आतून हुंदके ऐकू येत होते, पण कडी निघाल्याचा आवाज आला नाही.

जिन्याच्या मधल्या वळणावर त्यांचे पाय थांबले आणि त्या पायरीवर बसल्या. मी त्यांचा हात धरला. मला वाटलं रडतायत. रडत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा राग होता, जो मी दादांशी भांडतानाही बघितला नव्हता.

"मला आतून कडी असती ना सपना," त्या म्हणाल्या, "तर मी एकदापन बाहेर आली नसती त्या पाटावर."

 खाली रेक्टरबाईंनी पुन्हा हाक मारली. शकूवन्संनी पदराने तोंड पुसलं, कठड्याला धरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "चल, उशीर होते."